स्क्रीनवर स्कॅन सुंदर, तोंडात ब्रिज डुलतो: इम्प्लांट स्कॅनमधली चूक कशी पकडायची

इम्प्लांटच्या, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळांच्या, कामात दात बनवणाऱ्या लॅबकडे फिरून फिरून येणारी तक्रार एकच. सिंगल क्राउन, म्हणजे एकट्या दाताची टोपी, बिनबोभाट बसतो. दोन-तीन इम्प्लांटवरचा स्क्रूचा ब्रिज, म्हणजे एकमेकांना जोडलेले दात, गेला की एका टोकाचा स्क्रू घट्ट होतो आणि दुसऱ्या टोकावर बोट दाबलं की ब्रिज डुलतो. तोंडात स्कॅनर फिरवून माप घेणारे डॉक्टर फोन करतात, ‘स्कॅन तर एकदम क्लीन होता हो.’ तो असतोही. नवा स्कॅन येतो, नवा ब्रिज जातो, तोही डुलतो. मग लॅब स्कॅनरला नावं ठेवते, डॉक्टर मिलिंगला (यंत्राने ब्रिज कोरण्याला), आणि वेंगुर्ल्याहून एसटीने आलेल्या काकूंचा आणखी एक दिवस फुकट जातो.

मी कुडाळला लॅबमध्ये डिझाइनला बसतो. देवगड, मालवण, सावंतवाडी, राजापूर अशा ठिकाणच्या दवाखान्यांतून फाइली येतात. तोंड मला दिसत नाही, पण एकाच तोंडाच्या दोन फाइली एकमेकींवर ठेवून बघता येतात. एक स्कॅन कितीही देखणा असला तरी तो बरोबर आहे की नाही हे नुसतं त्याच्याकडे बघून कळत नाही. त्याला जोडीला दुसरा स्कॅन लागतो. चूक दर वेळी जागा बदलते की एकाच जागी ठाण मांडून बसते, एवढं कळलं की अर्धा शोध संपला.

आधी बघा, ब्रिज खरंच चुकलाय का

काही वेळा ब्रिज बरोबर असतो आणि शेजारचा दात त्याला बसू देत नाही. काँटॅक्ट जास्त घट्ट असला किंवा पाँटिकखाली (ब्रिजमधल्या, खाली इम्प्लांट नसलेल्या दाताखाली) हिरडी दाबली जात असली तरी ब्रिज तसाच डुलतो. म्हणून आधी फ्लॉस घालून बघा, आर्टिक्युलेटिंग पेपरने काँटॅक्ट तपासा, पाँटिकखालची हिरडी पांढरी पडते का ते बघा. यात काही सापडलं नाही तर एका स्क्रूची चाचणी: एका टोकाचा स्क्रू घट्ट करायचा, बाकीचे काढून टाकायचे आणि लांबच्या टोकाला ब्रिज उचलला जातो का ते डोळ्यांनी आणि आरव्हीजीवर (दाताच्या डिजिटल एक्स-रेवर) बघायचं. आणखी एक खूण हाताला कळते. स्क्रूला पहिला विरोध जाणवल्यापासून पूर्ण टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) येईपर्यंत अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त फिरवावं लागलं, तर स्क्रू ब्रिजला ओढून बसवतोय असं समजा.

‘ओढून बसला ना, मग चालेल’ हे नैसर्गिक दातावर थोडंफार चालून जातं. दाताभोवती लिगामेंट असतं, त्यामुळे तो उभ्या दिशेने २५ ते १०० मायक्रॉन हलू शकतो. इम्प्लांट हाडाला थेट जुळलेला असतो, तो जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन हलतो. ओढून बसवलेल्या ब्रिजचा ताण मग स्क्रूवर आणि पोर्सेलिनवर येतो. काही महिन्यांनी स्क्रू सैल झाला म्हणून पेशंट परत येतो, तेव्हा त्याचा संबंध स्कॅनशी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

तीन स्कॅनची चाचणी

चूक नक्की झाली असेल तर हे करा. स्कॅन बॉडी, म्हणजे इम्प्लांटची जागा आणि दिशा स्कॅनरला दाखवणारा उभा तुकडा, बसवा आणि नेहमीसारखा स्कॅन घ्या. हा पहिला. स्कॅन बॉडीला हात न लावता नवी फाइल उघडून पुन्हा सगळा स्कॅन घ्या. हा दुसरा. आता स्कॅन बॉडी काढा, इम्प्लांटचं तोंड हवा-पाण्याने धुवा, त्याच स्कॅन बॉडी त्याच जागी परत बसवा आणि तिसरा घ्या. सवयीच्या हाताला यासाठी फार वेळ लागत नाही. पेशंट फक्त विचारतो, ‘डॉक्टरांनू, आजून किती येळ?’

पहिला आणि दुसरा एकमेकांशी जुळत नसतील तर दोष स्कॅन घेण्यात आहे: लाळ, धुकं, प्रकाश, हाताचा मार्ग, लॅपटॉप. पहिले दोन जुळतात पण तिसरा वेगळा आला, तर स्कॅन बॉडी नीट बसत नाहीये. तिन्ही तंतोतंत जुळतात आणि तरीही ब्रिज डुलतो, तर स्कॅनर तीच चूक इमानेइतबारे पुन्हा पुन्हा करतोय किंवा चूक स्कॅननंतर, म्हणजे बहुतेक वेळा आमच्याकडे, होते आहे. आयएसओ ५७२५ हे मानक अचूकतेचे दोन भाग करतं. मोजमाप खऱ्या मापाच्या किती जवळ आहे हा एक आणि पुन्हा पुन्हा मोजल्यावर तेच येतं का हा दुसरा. दवाखान्यात खरं माप मोजायचं साधन नसतं, पण दुसरा भाग तपासायला वेगळं काहीच लागत नाही.

दोन फाइली एकमेकींवर ठेवताना मात्र एक पथ्य पाळा. सॉफ्टवेअरला सगळ्या जबड्याचं बेस्ट फिट (सरासरीने जुळवणी) करू दिलंत तर ते चूक सगळीकडे थोडी थोडी वाटून टाकतं आणि रंगीत नकाशा हिरवागार, म्हणजे सगळं जुळल्यासारखा, दिसतो. फक्त एका टोकाची स्कॅन बॉडी निवडून तिच्यावर दोन्ही फाइली जुळवा आणि नजर दुसऱ्या टोकाच्या स्कॅन बॉडीवर ठेवा. सगळी तफावत तिथे येऊन बसलेली दिसते.

मालवणकडच्या एका केसमध्ये हे अगदी उघड दिसलं. खालच्या डाव्या बाजूला दोन इम्प्लांट, मध्ये एक पाँटिक. पहिला आणि दुसरा स्कॅन पुढच्या स्कॅन बॉडीवर जुळवले तेव्हा मागची स्कॅन बॉडीही जुळली, एकावर एक, फरक दिसेनासा. तिसरा ठेवला तर मागची स्कॅन बॉडी वर उचललेली आणि गालाकडे कललेली. दोन रंगांच्या कडा डोळ्यांना वेगळ्या दिसत होत्या. डॉक्टरांनी आरव्हीजी काढला तेव्हा स्कॅन बॉडी आणि इम्प्लांटच्या मध्ये एका बाजूला केसासारखी काळी रेघ. हीलिंग कॅप (हिरडी भरेपर्यंत इम्प्लांटवर बसवलेलं झाकण) काढल्यावर हिरडीची एक चिंधी आत वळली होती आणि स्कॅन बॉडी तिच्यावर टेकत होती.

स्कॅन बॉडी नीट बसणं

बहुसंख्य केसेसमध्ये गाडी इथेच अडते, आणि स्कॅनरची जाहिरात करणारा कुणीही याबद्दल बोलत नाही. महागड्या स्कॅनरचं अख्खं काम पेन्सिलएवढ्या जाडीच्या त्या तुकड्याच्या जागेवर उभं असतं. तो तुकडा तिरका असेल तर स्कॅनर तिरकेपणा अगदी अचूक टिपतो.

हीलिंग कॅप काढली की हिरडी लगेच आत मिटू लागते. म्हणून आधी सगळी तयारी करून ठेवायची: स्कॅन बॉडी, ड्रायव्हर, सक्शन हाताशी, बाकी जबड्याचा स्कॅन झालेला. मग कॅप काढून हिरडीचा आकार लगेच टिपायचा आणि स्कॅन बॉडी बसवायची. इम्प्लांट खोल असेल तर हिरडी बाजूला धरूनच बसवा. हाडाचा कंगोरा आड येत असेल तर बोन प्रोफायलरशिवाय, म्हणजे ते हाड छाटणाऱ्या हत्याराशिवाय, इलाज नाही.

टॉर्कच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. काही जण ड्रायव्हर दोन बोटांनी अलगद फिरवून सोडून देतात, तर काही जण अबटमेंटच्या (इम्प्लांट आणि क्राउन जोडणाऱ्या तुकड्याच्या) सवयीने रॅचेट (जोराने आवळायचा पाना) लावतात. कंपनीच्या पत्रकात जेवढं लिहिलंय तेवढंच घट्ट करायचं. बहुतेक स्कॅन बॉडींसाठी ते हाताने घट्ट ते १५ न्यूटन सेंटिमीटर यांच्या दरम्यान असतं. शंकूसारख्या जोडणीच्या इम्प्लांटमध्ये जास्त जोर लावला की स्कॅन बॉडी जास्त खोल शिरते आणि क्राउनची उंची चुकते. पीकच्या, म्हणजे त्या पांढरट प्लास्टिकच्या, स्कॅन बॉडी वारंवार १३४ अंशांच्या ऑटोक्लेव्हमधून जाऊन आणि घट्ट आवळल्या जाऊन झिजतात. तळाची कड भिंगाखाली बघा. ती गोलसर झाली असेल, ओरखडे असतील, तर तिची मुदत संपली. ‘अजून चालतेय’ म्हणून ती ठेवणं फार महाग पडतं, कारण एका परत आलेल्या ब्रिजच्या खर्चात नव्या स्कॅन बॉडी येतात.

आरव्हीजी काढताना सेन्सर इम्प्लांटला समांतर आणि किरण काटकोनात हवेत. इम्प्लांटचे आटे दोन्ही बाजूंना टोकदार दिसले तरच तो एक्स-रे ग्राह्य धरा. आटे पुसट दिसत असतील तर फट झाकली जाते आणि खोटा दिलासा मिळतो. त्या एक्स-रेपेक्षा एक्स-रे नसलेला बरा.

पहिले दोन स्कॅन जुळत नसतील तर

तोंडातला स्कॅनर एका वेळी थोडासाच भाग बघतो आणि पुढचा भाग आधीच्याला जोडत जातो. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत दोरी न लावता बांधावी तसं हे आहे: प्रत्येक चिरा जवळून सरळ दिसतो, पण शेवटच्या कोपऱ्यात भिंत कितीतरी सरकलेली असते. त्यामुळे एका बाजूच्या दोन-तीन दातांच्या अंतरात चूक काही दहा मायक्रॉनच्या घरात राहते, आणि डाव्या दाढेपासून उजव्या दाढेपर्यंत गेलं की ती सहज शंभरी ओलांडते. कंपनीच्या पत्रकातला आकडा बहुतेकदा छोट्या अंतराचा असतो, हे लक्षात असू द्या.

जोड पक्के होण्यासाठी सलग आणि एकसारखा मार्ग हवा. आधी दातांचा माथा, मग जिभेची किंवा टाळूची बाजू, शेवटी गालाची बाजू, असा क्रम बऱ्याच कंपन्या सांगतात. आपल्या यंत्राचा जो असेल तोच दर वेळी पाळा. राहिलेला भाग भरायला त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरवत बसणं ही सगळ्यांत वाईट सवय, कारण प्रत्येक फेरीबरोबर नवा गोंगाट, म्हणजे बारीक चुका, आत येतो. तसंच, आधीच्या स्कॅनमध्ये स्कॅन बॉडीसाठी भोकं पाडताना (सॉफ्टवेअरमध्ये तेवढा भाग पुसताना) ती लहान ठेवा. भोक मोठं केलं की शेजारच्या दाताचा आधार जातो आणि नवा भाग नीट जोडला जात नाही.

आता आपल्या हवेची गोष्ट. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर हवेत पाणी तरंगत असतं आणि तोंडातली हवा तर बारा महिने ओलीच. एसीत गार झालेली टिप (स्कॅनरचं पुढचं टोक) तोंडात गेली की आरशावर धुकं धरतं. स्क्रीनवर ते धुक्यासारखं दिसत नाही. पृष्ठभाग किंचित खडबडीत येतो, स्कॅन मध्येच हरवतो आणि परत पकडतो, एवढंच. टिपचा हीटर पूर्ण तापू द्या. घाईत केलेल्या स्कॅनचा पहिला अर्धा मिनिट बहुतेक वेळा वाया गेलेला असतो. टिपचा आरसा उजेडात तिरका धरून बघा. ऑटोक्लेव्हने त्यावर डाग पडतात, आणि टिप किती वेळा ऑटोक्लेव्ह करायची याची मर्यादा कंपनीने दिलेली असते.

पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या लेन्सवर बुरशी धरते हे इथल्या फोटोग्राफरना सांगायला नको, दवाखान्यात मात्र स्कॅनर उघड्या स्टँडवर आणि कॅलिब्रेशनचा डबा ड्रॉवरमध्ये ओल्या कापसाशेजारी पडलेला असतो. दोन्ही बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. शिवाय आपल्याकडे बरेच डॉक्टर आठवड्यातून एक-दोन दिवस दुसऱ्या गावच्या दवाखान्यात व्हिजिटला जातात आणि स्कॅनर गाडीतून बरोबर नेतात. रत्नागिरीहून लांज्याला, सावंतवाडीहून दोडामार्गला खड्डे खात गेलेला, एसी गाडीतून दमट खोलीत उतरलेला स्कॅनर लगेच तोंडात घालू नका. अर्धा तास खोलीच्या हवेत राहू द्या आणि तिथेच, त्याच खोलीत, कॅलिब्रेट करा. सॉफ्टवेअर आठवण करून देईल तेव्हा करू, हा हिशोब एका जागी राहणाऱ्या स्कॅनरसाठी ठीक आहे.

चेअरचा दिवा बंद. त्याचा झोत थेट स्कॅन बॉडीवर पडला की टायटॅनियमची चकाकी वाढते आणि कड फाटते. खोलीतले साधे दिवे बहुतेक यंत्रांना चालतात, पण खिडकीतून येणारं दुपारचं ऊन पडद्याआड गेलेलं बरं.

लाळेसाठी एकच उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे: सुकवणं. कॉटन रोल, सक्शन, हवा, आणि मग लगेच स्कॅन. स्कॅन बॉडीच्या मुळाशी लाळेचं किंवा रक्ताचं तळं साचलं तर स्कॅनर त्या तळ्याचा पृष्ठभाग टिपतो.

लॅपटॉप बॅटरीवर चालत असेल तर त्याचं ग्राफिक्स कार्ड ताकद कमी करतं, चित्रं गळतात आणि जोड कच्चे राहतात. वीज गेली म्हणून बॅटरीवर स्कॅन पूर्ण केला, हे आम्हाला कुणी सांगत नाही, पण फाइलमध्ये ते दिसतं. लॅपटॉपलाच यूपीएस द्या.

तोंडच उघडत नसेल तर

कोकणात सुपारी घरची. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, साध्या सुपारी-तंबाखूवर नाही, आणि वर्षानुवर्षं सुपारी चघळल्याने होणारं सबम्युकस फायब्रोसिस (तोंडाचं आतलं अस्तर कडक होऊन तोंड कमी उघडणं) इथे दंतवैद्यांच्या रोजच्या बघण्यातलं. चांगलं तोंड साधारण ४० मिलिमीटर उघडतं. मागच्या दाढेवर उभी स्कॅन बॉडी आणि तिच्यावर दीड-दोन सेंटिमीटर जाडीची टिप, हे गणित २५ मिलिमीटर उघडणाऱ्या तोंडात जमत नाही. मग टिप तिरकी होते, स्कॅन बॉडीची मागची बाजू राहते आणि लॅबमध्ये ती सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. अशा पेशंटसाठी आखूड स्कॅन बॉडी आणि लहान टिप आधीच मागवून ठेवा. तेही जमत नसेल तर त्या एका केसपुरतं ट्रेमधलं माप घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त पॉलिइथर (माप घ्यायचा रबरासारखा पदार्थ) वापरत असाल तर ते माप ओल्या कापसात गुंडाळून पाठवू नका; ते पाणी शोषून फुगतं.

उलट टोकाची चूकही होते. खालचा जबडा पूर्ण वासला की तो किंचित आत दबतो आणि दोन बाजूंच्या दाढा एकमेकींकडे सरकतात. दोन्ही बाजूंना इम्प्लांट असतील तर तोंड पूर्ण ताणून स्कॅन करू नका, टिप जाईल एवढंच उघडायला सांगा. ही चूक तिन्ही स्कॅनमध्ये सारखीच येते, म्हणून वरच्या चाचणीत सापडत नाही.

तिन्ही स्कॅन जुळतात, तरीही डुलतो

इथे पहिला संशय लायब्ररीवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या स्कॅन बॉडींच्या तयार नमुन्यांवर. स्कॅन बॉडी ज्या कंपनीची, ज्या प्लॅटफॉर्मची (जोडणीच्या मापाची) आणि ज्या पातळीची, म्हणजे थेट इम्प्लांटवरची की मल्टि-युनिटवरची (इम्प्लांटवर बसवलेल्या मधल्या जोडणीवरची), तिचीच लायब्ररी डिझाइनमध्ये निवडलेली हवी. ‘कंपॅटिबल’ म्हणून घेतलेली स्वस्त स्कॅन बॉडी आणि मूळ कंपनीची लायब्ररी ही जोडी दिसायला जुळते, उंचीत मात्र फरक पडतो. ऑर्डरमध्ये ‘इम्प्लांट ४.२’ एवढंच लिहून येतं तेव्हा आम्ही फोन करतो. न करणाऱ्या लॅबही आहेत.

दुसरं, सरकणारी जीभ-गाल आपोआप पुसणारा फिल्टर. तो कधी कधी स्कॅन बॉडीचीही कड खातो. स्कॅन बॉडीचा माथा आणि सपाट बाजू पूर्ण हवीत. तेवढा भाग टिपताना फिल्टर बंद ठेवा. सपाट बाजू शेजारच्या दाताकडे वळली असेल तर टिप तिथे पोचत नाही, म्हणून बसवतानाच ती गालाकडे किंवा जिभेकडे येईल असं बघा.

तिसरं, आमच्याकडचं. प्रिंट केलेल्या मॉडेलमध्ये ॲनालॉग (इम्प्लांटची नक्कल) सैल असेल तर त्या मॉडेलवर ब्रिज छान बसला याला काही अर्थ नाही. लॅब ‘मॉडेलवर परफेक्ट आहे’ म्हणत असेल तर ॲनालॉग बोटाने हलवून बघितलाय का, हे विचारा.

पूर्ण जबड्याचं काम

दात एकही नाही, चार ते सहा इम्प्लांट आणि मध्ये नुसती गुळगुळीत ओली हिरडी. स्कॅनरला पकडायला काही नसतं. हिरडीवर कंपोझिटचे ठिपके लावणं, स्कॅन बॉडी एकमेकींना रेझिनने जोडणं, आडव्या पंखांच्या स्कॅन बॉडी वापरणं, हे सगळे उपाय थोडीफार मदत करतात. फोटोग्रामेट्री स्कॅन बॉडींची जागा थेट मोजते आणि जोडत जाण्याचा प्रश्नच ठेवत नाही, पण ते यंत्र प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी नाही.

मी तरी नुसत्या तोंडातल्या स्कॅनवर कायमचा फुल आर्च करायला घेत नाही. व्हेरिफिकेशन जिग, म्हणजे इम्प्लांटच्या जागा पकडून ठेवणारी चौकट, मागतो. मल्टि-युनिटवर टेंपररी सिलिंडर, त्यांना पॅटर्न रेझिनने जोडायचं, रेझिन आकसतं म्हणून एक दिवस ठेवून पातळ डिस्कने मधोमध कापायचं आणि तोंडात पुन्हा थोड्याशा रेझिनने सांधायचं. जिग एका स्क्रूच्या चाचणीत पास झाली तरच ती आमच्याकडे येते, तिच्यावर प्लास्टर ओतलं जातं आणि ते मॉडेल लॅबच्या टेबल स्कॅनरवर जातं. पेशंटची एक फेरी वाढते. मल्टि-युनिट एकदा टॉर्क केली की मध्ये काढू नका, नाहीतर जिगने पकडलेली जागाच बदलते.

फाइल पाठवताना मूळ प्रोजेक्ट पाठवा. एसटीएल (त्रिकोणांनी बनलेली थ्रीडी फाइल) द्यायचीच असेल तर कमी रिझोल्यूशनची नको. देवगडच्या दवाखान्यात नेट रडतं म्हणून काही जण फाइल हलकी करून पाठवतात, तेव्हा त्रिकोण कमी होतात आणि स्कॅन बॉडीच्या कडा गोल होतात. रात्री अपलोडला लावा, किंवा पेन ड्राइव्ह कुडाळच्या एसटीत द्या, सकाळी स्टँडवरून मी उचलतो. सोबत स्कॅन बॉडीचा आरव्हीजी आणि तिच्या पाकिटावरच्या लेबलचा फोटो हवा. शक्य असेल तर दुसरा स्कॅनही पाठवा. जुळतो की नाही ते मिलिंगच्या आधी कळवतो.